सात पॉइंट चारचं पाणी

पोहण्याच्या तलावाची जबाबदारी माझ्याकडे आली, याचं एकमेव कारण म्हणजे मला रसायनशास्त्र येत नाही.

हे वाचून ज्यांना आश्चर्य वाटलं ते बोईसरचे नसणार. बोईसरमध्ये रसायनशास्त्र न येणारा माणूस शोधून काढणं सोपं नाही. आमच्या 'सागरविहार' संकुलात (सागर इथून बारा किलोमीटरवर, विहार ज्याचा त्याने करायचा) छप्पन्न बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतली निम्मी माणसं तारापूरच्या कारखान्यांत दिवसभर काहीतरी ढवळून घरी येतात. इथे लिफ्टमध्ये कोणी हवामानावर बोलत नाही. लोक नाक वर करतात आणि आज वारा कुठल्या प्लॉटवरून येतोय ते सांगतात. अशा ठिकाणी राहून मी पालघरच्या एका कॉलेजात मुलांना मराठी शिकवतो. संध्याकाळी परततो तेव्हा माझ्या शर्टाला कसलाही वास येत नाही, त्यामुळे सोसायटीत माझ्याकडे जरा दयेनेच बघतात.

तलाव बिल्डरच्या रंगीत पत्रकात होता. पत्रकातला निळा होता. प्रत्यक्षातला सात वर्षं कोरडा होता. त्यात मुलं क्रिकेट खेळत, कारण चेंडू हरवत नसे. उन्हाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या बायका पापड वाळत घालत. एका वर्षी त्यात दहा बादल्या पाणी ओतून गणपतीही विसर्जित केले होते. कोणाची काही तक्रार नव्हती. मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे काका. कागदोपत्री नरहरी, वय एकोणऐंशी. काकू जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, गावाकडे, घिवलीच्या घरात एकटेच राहायचे. डिसेंबरात मागच्या पडवीत पाय घसरून पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. दांडीहून मासळीची पाटी घेऊन रखमाबाई येते, तिने दारात नेहमीसारखी हाक दिली, "बोंबील घ्या, अण्णा, ताजं हायत!" आतून उत्तर आलं, "आज नको. पडलोय."

हाड शाबूत होतं, पण गुडघा कामातून गेला. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काका, ऑपरेशन नको असेल तर रोज अर्धा तास पाण्यात घालवा. नुसते बसलात तर खुर्चीलाच चिकटाल."

"पानी हाय कुठं?" अण्णा म्हणाले.

"आमच्याकडे तलाव आहे ना, अण्णा!" सुलू म्हणाली. सुलू म्हणजे माझी बायको. बोलताना तिच्या डोळ्यांसमोर पापड असणार, पण ती बोलून गेली.

अण्णांनी अटी घातल्या. "शिमग्यापर्यंत बघतो. पानी झालं तर राहीन. नायतर होळी लागायच्या आदी मी घिवलीला. मंग तुमी मला आडवायचं नाय."

"आणि परत पडले, आणि त्या दिवशी रखमाबाई आलीच नाही तर?" रात्रीच्या पोळ्या लाटताना सुलूने मला विचारलं. लाटणं जरा जोरात चालू होतं.

इथे अण्णा आणि पाणी यांच्या संबंधाविषयी सांगायला हवं. घिवलीला आमच्या वाडीत बाव होती. आमच्याकडे विहिरीला बावच म्हणतात. चिऱ्यांची, गोल, आत उतरायला पायऱ्या, वर नारळ वाकलेला, आणि काठावर पानवेलींच्या मांडवातून येणारा तो ओला, हिरवा वास. एप्रिल लागला की गावातली सगळी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून बावीच्या काठावर रांगेत उभी राहायची. वरून ढकलायला कोणीही चालायचं. खाली झेलायला मात्र अण्णाच. मी सात वर्षांचा होतो. माझ्या पुढे सहा जण होते. त्यांतले दोघे रडून परत गेले, म्हणून माझी पाळी लवकर आली. त्या उन्हाळ्यात अण्णांनी बावीस पोरांना पोहायला शिकवलं, आणि घरी फक्त एक तक्रार आली, तीही भोपळा फुटल्याची.

पावसाच्या आधी बाव उपसायची. सगळं भावकीतलं माणूस जमायचं. गाळात दरवर्षी काय काय सापडे! तांबे, चपला, एकदा पाटी, आणि एका वर्षी धाकट्या आजोबांची कवळी, जिच्याबद्दल त्यांनी वर्षभर शेजाऱ्यांवर संशय घेतला होता. त्यांनी ती धुऊन लगेच तोंडात घातली आणि पहिलं वाक्य बोलले ते शेजाऱ्यांविरुद्धच. मग बावीत चुन्याची ढेकळं टाकत आणि पाणी आपोआप भरू देत. त्या पाण्याचा पीएच कोणी मोजला नाही. बावीत दोन कासवं होती, ती काय मोजत असतील ती. आता बावीचं पाणी खारं झालंय, वर लोखंडी जाळी आहे, आणि पायऱ्या अण्णांच्या गुडघ्याला झेपण्यासारख्या नाहीत. अकरा वर्षं झाली, अण्णा पाण्यात उतरलेले नाहीत.

तर मी सोसायटीच्या सभेत तलाव भरण्याचा ठराव मांडला. तो एकमताने पास झाला. भांडण सुरू झालं ते तलाव सांभाळायचा कोणी यावर.

उमेदवार तीन होते. पहिला प्रदीप, रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. आवाज मोठा, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे ॲसिड हाच उपाय. दुसरा चिराग, औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात. घरी चहाची साखरसुद्धा वजन करून घालतो असं त्याची बायकोच सांगते. तिसरी रूपल, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाची प्रमुख. ती बोलते हळू, पण बोलून झाल्यावर समोरच्याला आपण घाण पाणी असल्यासारखं वाटतं.

"स्विमिंग पूल आहे, रंगाची टाकी नाही," चिराग म्हणाला.

"आणि गोळ्या पण नाहीत बनवायच्या," प्रदीप म्हणाला.

"तुम्ही दोघं जे सोडता ते शेवटी माझ्याकडेच येतं," रूपल म्हणाली. "मी बघते ना रोज."

तासाभराने कळलं की तिघांपैकी कोणीही उरलेल्या दोघांना चालणार नाही. मग कोणीतरी म्हणालं, ज्याला यातलं काहीच कळत नाही असा माणूस नेमा. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. वीस वर्षं शिकवतोय, पण वर्गात माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने कोणी पाहिलं नव्हतं.

एकोणीस टँकर पाणी लागलं. टँकरवाला पाइप सोडताना म्हणाला, "साहब, पानी एकदम मिनरल जैसा है." होतंच. काठावरून तळाची फरशी मोजता येत होती. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चप्पल काढून ठेवली होती. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे ब्लीचिंग पावडर कालवून ओतली आणि दहा मिनिटांत एकोणीस टँकर पाण्याचा चहा झाला. रंग अगदी टपरीवरचा. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "सर, आलं घातलंय का?"

"आयर्न आहे, सर," चिराग म्हणाला. "बोअरच्या पाण्यात लोखंड असते ना. ते क्लोरीनशी बोलते."

मराठीच्या प्राध्यापकाला हे वाक्य आवडलं, पण तलाव तपकिरीच राहिला. मग तुरटी घातली. गाळ खाली बसला, तो जिवलीने दोन दिवस उपसला. जिवली आमच्या संकुलात झाडलोट करते, डोंगराकडच्या पाड्यावरून रोज टमटमने येते. पाणी साफ झालं, पण तुरटीने आंबट झालं, म्हणून सोडा टाकला. सोडा जास्त झाला. चहाचं दूध झालं.

अण्णांनी चप्पल परत घातली.

पाणी तपासण्यासाठी माझ्याकडे एक पेटी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, लाल औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि जो रंग येईल तो पट्टीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे आंबट, गडद गुलाबी म्हणजे अल्कली बाजूचा, आमच्या भाषेत खारट, आणि मधला एक फिका लालसर म्हणजे सात पॉइंट चार. तोच हवा होता. डोळे न चुरचुरणारा, कातडी न सोलणारा, अण्णांना चालेल असा आकडा. मी एक रजिस्टर सुरू केलं. माझ्या शैलीप्रमाणे शेवटी शेराही लिहीत असे. "सोमवार, ८.२, पाणी चिडलेलं." "मंगळवार, ६.४, पाणी खचलेलं." "बुधवार सकाळ ६.८, बुधवार संध्याकाळ ८.०, काही बोलण्यासारखं नाही."

मी काहीही टाकत नव्हतो आणि आकडे मात्र उड्या मारत होते. आधी वाटलं, रंग ओळखण्यात माझीच चूक होते. सुलूला नळी दाखवली.

"हा अबोली आहे," ती म्हणाली.

"पट्टीवर अबोली नाहीये."

"मग पट्टी चुकलीय. माझ्या मामीची साडी होती ना या रंगाची, तिच्या मंगळागौरीला नेसली होती." त्यानंतर अर्धा तास मामीवर गेला. पीएच राहूनच गेला.

शेवटी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, मी सगळे आकडे ओळखले. "डोळे उत्तम आहेत, सर. त्रास काय होतोय?" मी म्हटलं, "पाणी रोज वेगळं दिसतंय." त्यांनी मला रक्तदाब तपासायला पाठवलं.

मग मी सरकारी मार्ग धरला. पालघरला पाणी तपासून देतात अशा एका ठिकाणी बाटली घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. पाण्याचा स्रोत: विहीर, बोअर, नदी, नाला.

"तलाव आहे. पोहण्याचा."

"तो रकाना नाहीये."

"मग 'इतर' लिहू?"

"'इतर' पण नाहीये. नाला करते."

नऊ दिवसांनी नाल्याचा अहवाल आला. त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का होता: पिण्यास अयोग्य. मी प्रामाणिक माणूस असल्यामुळे तो सूचना फलकावर लावला. सकाळी आठपर्यंत चौदा लोकांचे फोन आले. आमच्या नळाला काय होणार असं ते विचारत होते. तळमजल्यावरच्या भावना वहिनींनी तर चहा ओतून दिला होता. मी सांगितलं, वहिनी, हे तलावाचं पाणी आहे, ते प्यायचं नसतं. त्या म्हणाल्या, "मग तपासलंत कशाला?" याचं उत्तर मी अजून शोधतोय.

त्याच आठवड्यात पाणी हिरवं झालं. शेवाळाचं हिरवं नव्हे, शाईसारखं हिरवं. इथल्या माणसाला रंगीत पाणी दिसलं की त्याचा हात आधी फोनकडे जातो. आमच्यापैकीच कोणीतरी कुठेतरी कळवलं आणि दुपारी प्रदूषणवाल्या खात्याचे एक साहेब फाटकात हजर झाले. त्यांनी वाकून बाटली भरली, उजेडाकडे धरली.

"कुठल्या प्रोसेसचं?"

"पोहण्याच्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अर्ज काढला. उद्योगाचं नाव, उत्पादन, रोजचा निचरा. 'उत्पादन' या शब्दापुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवलेला माणूस आपल्या तलावाचं उत्पादन काय हे लिहू शकत नव्हता. शेवटी रूपलने अर्ज माझ्या हातातून घेतला, चार मिनिटांत भरला आणि साहेबांना पाणी विचारलं. त्यांनी नको म्हटलं.

शिमगा सोळा दिवसांवर आला होता. अण्णांनी घिवलीच्या शेजाऱ्याला फोन करून घर झाडून ठेवायला सांगितलं. अगदी सहज, जेवताना. सुलूने वाढता वाढता भात माझ्या ताटाऐवजी पाटावर वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी उजेडात धरून उभा होतो. जिवली काठ घासत होती.

"मास्तर, तुमी रोज काय लिवता?"

"पाणी सारखं का बदलतं ते शोधतोय, जिवली."

"त्यात काय शोदाचा?" ती घासणं न थांबवता म्हणाली. "सकाळचे परदीप साहेब येतो, वततो. दुपारचे तो चिराग येतो, वततो. सांजचे रूपल मॅडम चालाला येते, तवा वतते. पानी तरी काय करल?"

मी नळी खाली ठेवली. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"मना वाटला, तसाच करतात. तुमच्या कंपनीत तसाच करतात ना?"

रविवारी अकरा वाजता मी क्लब हाऊसमध्ये बैठक बोलावली. तिघेही आले. अण्णा कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले. मी रजिस्टर उघडलं आणि परीक्षेत कॉपी पकडल्यावर जो आवाज लावतो तो लावून विचारलं, "प्रदीप, पहाटे साडेपाचला तलावावर काय काम असतं?"

प्रदीप लाल झाला. "सर, ते... पीएच वर जात होता. मी कंपनीच्या बसआधी थोडं ॲसिड... अगदी थोडं. एक मग."

"ॲसिड तू टाकत होतास?" चिराग उभाच राहिला. "मी रोज दुपारी घरी येऊन बघतो तर पाणी आंबट! मी रोज सोडा टाकतो आहे, रोज! वजन करून! मला वाटले माझा मीटर बिघडला. मी नवा मीटर आणला, यार!"

"म्हणजे संध्याकाळी ते दुधासारखं तुमच्यामुळे होतं," रूपल हळूच म्हणाली. "मी ते खाली बसवायला तुरटी टाकत होते."

"आणि तुरटीने परत आंबट," चिराग म्हणाला.

"मग चिरागचा सोडा," प्रदीप म्हणाला.

"मग तुझं ॲसिड."

"आणि ते हिरवं कोणी केलं?" मी विचारलं.

तिघेही थोडा वेळ पंख्याकडे बघत होते. "शेवाळ होऊ नये म्हणून मोरचूद घातला होता," प्रदीप शेवटी म्हणाला. "एक चमचा." मग प्रामाणिकपणे जोडलं, "आमच्या कंपनीतला चमचा."

"अरे पण का?" मी ओरडलो. "सभेत ठरलं होतं ना, कोणीही हात लावायचा नाही!"

"मला अण्णांनी सांगितलं होतं," प्रदीप म्हणाला. "म्हणाले, पोरा, तूच बघ, बाकीच्यांना कळत नाय."

चिरागने त्याच्याकडे पाहिलं. "हे मला बोलले."

"मला म्हणाले, तू माझ्या मुलीसारखी," रूपल म्हणाली. "बाकीच्यांना कळत नाही."

आता सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. अण्णांनी हनुवटी काठीवरून उचलली.

"मंग? गावात बाव उपसायची तर एकाला सांगून काम होतं का? तिघांना येगयेगळं सांगायचं, परत्येकाला सांगायचं तुज्याशिवाय होनार नाय, तवा कुठं एक येतो." मग जरा खजील होऊन म्हणाले, "हिते तिगंबी आले. मला काय ठाऊक, बोईसरची मानसं एवडी चांगली असतील."

रागवायची तयारी करून आलेल्या माणसांची यामुळे फार गैरसोय होते. प्रदीपने नाक पुसलं. चिरागने विनाकारण मीटर चालू करून बंद केला.

ठराव झाला. आठ दिवस कोणीही काहीही टाकायचं नाही, लागलं तर सरांनी टाकायचं, आणि राखण अण्णा करतील. शिक्षा म्हणून. अण्णा सकाळपासून काठावर खुर्ची टाकून बसू लागले. दुसऱ्याच दिवशी चिराग "नुसतं बघायला" आला. "हात दाखव," अण्णा म्हणाले. "खिसा दाखव." खिशात पाव किलो सोडा निघाला. "सवय आहे, अण्णा," तो पुटपुटला.

आणि पाणी, ज्याच्या मागे आम्ही दीड महिना लागलो होतो, ते एकटं सोडल्यावर हळूहळू भानावर आलं. फिल्टर दिवसभर गुरगुरत होता. हिरवा रंग निवळला. आठ पॉइंट एक. सात पॉइंट नऊ. एकदा मला अर्धा मग ॲसिड टाकावं लागलं, ते तिन्ही तज्ज्ञांच्या उपस्थितीत. तो मग कुठल्या कोपऱ्यात ओतावा यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी अण्णा म्हणाले, "वत रे कमळ्या, हात दुकंल," आणि मी ओतला. शिमग्याला तीन दिवस असताना नळीत तो फिका लालसर रंग आला. मी सुलूला हाक मारली. तिने नळी पाहिली.

"हा अबोली नाही," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

सकाळी सातला अण्णा उतरले. निळी चड्डी, उघडं अंग, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात माझा खांदा. एक पायरी, दुसरी, तिसरी. गुडघा पाण्याखाली गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग माझा खांदा सोडला आणि पाण्यावर आडवे झाले, उताणे, हात पसरून, जसं कोणी आपल्या पलंगावर पडावं तसं. कान पाण्यात होते, तोंड आभाळाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची साठ-सत्तर वर्षं कुठे गेली कोण जाणे. काठावर तीस-चाळीस माणसं होती आणि एकाचाही मोबाइल वाजला नाही. मला वाकलेला नारळ दिसला, पानवेलीचा वास आला. बोईसरमध्ये, सकाळी सातला, असा वास येणं शक्य नाही हे मला ठाऊक आहे.

अर्ध्या तासाने ते पायरीवर येऊन बसले.

"कसं आहे पाणी, अण्णा?" प्रदीपने विचारलं.

"बरं हाय. तळ लागतो तेवडा वाईट." मग त्यांनी काठावर नजर फिरवली. "पन तुमी सगळे वर काय उबे? मी एकटाच पोहू? चला, उतरा."

कोणी हललं नाही.

"परदीप?"

"मला... येत नाही, अण्णा."

"चिराग?"

चिरागने मान हलवली. रूपल आपल्या चपलांकडे बघत होती.

"तिगंबी नाय?" अण्णांनी विचारलं, जणू त्यांना तिघांच्या कपाळाला शिंग दिसलं. "रोज पान्याची नोकरी करता, आंबट का खारट ते तीन आकड्यांपरेंत सांगता, आन पान्यात उतरता येत नाय? आई, आई, आई." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "उद्या सातला. तिगंबी. पोटाला काय खाऊन यायचं नाय." मग मला म्हणाले, "ह्या तिगांना पोहाया आलं का मी जातो. शिमगा काय, हिते बी पेटतोच."

सुलूने त्या दिवशी घिवलीच्या शेजाऱ्याला फोन करून सांगितलं, झाडू नका.

होळी सोसायटीच्या आवारात पेटली, अण्णांनी तिच्यात नारळ टाकला आणि दुसऱ्या दिवशीही रोजच्यासारखी सातला शिट्टी वाजवली. शिट्टी त्यांनी कुठून आणली हे अजून कळलेलं नाही. मला वाटलं होतं, आमच्या वयाच्या माणसांना शिकायला वर्ष लागेल. चाळिशी-पंचेचाळिशीची शरीरं, खुर्चीत वाढलेली. हिशेब चुकला. चिराग सहाव्या दिवशी तरंगला. त्याला बाजूला घेऊन मी म्हटलं, "जरा हळू घे ना." तो म्हणाला, "सर, बॉडीची डेन्सिटी समजली की सोपे असते." रूपल नवव्या दिवशी गेली, काही न बोलता, एका दमात या काठापासून त्या काठापर्यंत. मी सगळी आशा प्रदीपवर ठेवली होती. तो दगडासारखा बुडायचा, वर येऊन शिव्या द्यायचा आणि पुन्हा बुडायचा. असा माणूस मला जन्मभर पुरला असता.

बाविसाव्या दिवशी प्रदीपही पोहला. वाकडातिकडा, अर्धा तलाव पाणी बाहेर उडवत, पण पोहला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. वर बाल्कनीत सुलूनेही वाजवल्या नाहीत.

अण्णा पायरीवर बसून डोकं पुसत होते. "झाले तिगं," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, आणि काम संपल्यावर माणूस उठायच्या आधी जो एक श्वास घेतो तो होता. "उद्या इष्टी कितीची हाय रे, कमळ्या?"

मी रजिस्टर खुर्चीवर ठेवलं. चष्मा त्याच्यावर ठेवला. शर्ट काढला, जे मी घराबाहेर पंचवीस वर्षांत केलं नव्हतं, आणि पायऱ्या उतरून पाण्यात गेलो.

"अण्णा, माझं राहिलंय."

"तुजं काय?"

"पोहणं. चाळीस वर्षांत विसरलो."

"पोहनं कोन इसरतं?"

"मी," मी म्हटलं, आणि खोल बाजूला अंग झोकून दिलं.

बुडणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. अंग आपोआप वर येत होतं, पाय आपोआप हलत होते. बावीस पोरांना शिकवणाऱ्या माणसाचं शिकवणं अंगातून काढून टाकायला मला सगळा श्वास बाहेर सोडावा लागला. मी खाली गेलो, पाणी प्यालो, खोकत वर आलो, हात वेडेवाकडे मारले. काठावर चिराग ओरडला, "सर, डेन्सिटी!"

अण्णा माझ्याकडे बघत होते. बराच वेळ. खरं बुडणारा आणि खोटं बुडणारा यांतला फरक त्यांना कळत नसेल असं मी म्हणणार नाही.

मग ते उठले, कठडा धरला, आणि एकेक पायरी उतरून माझ्याजवळ आले. त्यांचा हात माझ्या पोटाखाली आला. तो हात पूर्वीपेक्षा हलका होता.

"तू पयल्यापासूनच मंद," ते म्हणाले. "तुला पावसाळा लागंल."

"तेवढा?"

"दिवाळीबी लागंल कदाचित. पाय मार."

मी जमतील तितके चुकीचे पाय मारायला सुरुवात केली.